समडोळीत सोडलेली कॉफी

आक्काताई : थुंकायची? पाहुणीच्या देखत?

जवाहर : देखत म्हणजे... पाहुणीसुद्धा थुंकणार आहे गं. पुस्तकात तसंच दिलंय. चमच्यात घ्यायची, आवाज करून आत ओढायची, जिभेवर घोळवायची आणि मग शेजारच्या भांड्यात...

आक्काताई : पुरे. पुढचं सांगू नका. बशीतून भुरके मारतो म्हणून भरतेशला मी लहानपणी किती फटके दिलेत! आणि आता माझ्याच ओट्यावर भुरके मारायला पुण्याहून बाई येणार.

जवाहर : त्याला कपिंग म्हणतात.

आक्काताई : काही का म्हणेनात. भांडं कुठलं देऊ ते सांगा.

जवाहर : कुठलंही चालेल.

आक्काताई : कुठलंही कसं चालेल ओ? परत ते माझ्या स्वयंपाकात येणार नाही. दगडाबाई! अगं ए दगडाबाई! ती कडी तुटलेली बादली कुठाय?

दगडाबाई : शेळ्यास्नी पानी ठिवलंय की त्यात, आक्का. कशाला पायजे?

आक्काताई : अण्णांना कॉफी थुंकायचीय.

दगडाबाई : आत्ता गं बया! सा वरसं झाडास्नी पोरागत जपलं. गवं आलं तर रातीचं डबं वाजवीत फिरलं. आन् आता थुकायची?

जवाहर : शिस्त असते ती, दगडाबाई. या लोकांना दिवसाला चाळीस-चाळीस कप चाखावे लागतात. सगळे पोटात गेले तर माणूस झोपणार कधी?

आक्काताई : ते त्यांचं ते बघतील. तुमचं सांगा. तुम्ही तोंडात घेणार कशी? तुमचा नियम आहे ना?

जवाहर : त्याचाच विचार करतोय सकाळपासून.

आक्काताई : मग काय ठरलं?

जवाहर : म्हणजे असं बघ. तोंडात घेतली आणि गिळली नाही, तर ती प्यायली असं म्हणता येईल का? महाराजांसमोर मी म्हणालो होतो, कॉफी पिणार नाही. चाखणार नाही असं काही म्हणालो नव्हतो.

आक्काताई : वकील व्हायचात तुम्ही. उगाच ग्रंथपाल झालात.

दगडाबाई : कसला नेम गं, आक्का?

आक्काताई : आमच्या जैनांत असतं बाई तसं. महाराजांच्या दर्शनाला गेलं की काहीतरी सोडायचं. कुणी वांगं सोडतं, कुणी चप्पल. आमचं लग्न झालं त्या वर्षी माझ्या माहेरी, समडोळीला, महाराजांचा चातुर्मास होता. आम्ही जोडीनं गेलो. यांनी कॉफी सोडली, मी चहा सोडला. जन्मभरासाठी.

दगडाबाई : च्या? जल्मभर? आन् रोज सकाळी उठून अण्णास्नी च्या करून देता की तुमी!

आक्काताई : करायला कुठं बंदी आहे?

दगडाबाई : आन् अण्णा, तुमी कॉफी सोडली, आन् तीच लावून बसला व्हय?

जवाहर : लावायला बंदी नव्हती.

दगडाबाई : तुमच्या दोगांचं कायतरी निराळंच हाय बगा. आमच्या आटपाडीकडं मानूस सोडतो म्हंजी बायकू सोडतो, न्हाईतर गाव.

जवाहर : कॉलेजच्या ग्रंथालयात एक जुनं पुस्तक होतं. चौतीस वर्षांत कुणी नेलं नव्हतं, म्हणून मीच नेलं. डोंगरावरच्या कॉफीचं. चार हजार फूट उंची, थंड रात्री, झाडांची सावली आणि ज्वालामुखीची माती. वाचताना वाटायला लागलं, हे तर पाचगणीच्या आपल्या तुकड्याचंच वर्णन आहे.

दगडाबाई : ज्वाला कसली?

जवाहर : ज्वालामुखी. हा सगळा डोंगर म्हणजे थंड झालेला लाव्हा आहे. जमीन फाटली, आतून तापलेला रस आला आणि थरावर थर बसले. हा काळा कातळ तोच. तो झिजून झिजून ही लाल माती झाली.

दगडाबाई : आन् आत अजून हाय का काय त्यो रस? कोयनंकडं भुई हालती ती त्यानंच व्हय?

जवाहर : नाही नाही. ते वेगळं. हे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं.

दगडाबाई : मंग असूं दे. मला वाटलं, शेळ्या हलवाव्या लागत्यात.

आक्काताई : पाहुणी चारला येणार आणि तुम्ही कोटी वर्षांपूर्वीचं काय काढलंय ओ? तिला फोन करा आणि सांगा सरळ, माझा नियम आहे, तुम्ही एकट्याच चाखा.

जवाहर : ते जमणार नाही.

आक्काताई : का?

जवाहर : तिची अटच आहे. प्रांजलताईंनी पहिल्याच फोनला सांगितलं. काका, ज्याची बाग त्यानं माझ्याबरोबर बसून चव घ्यायची. स्वतःचा माल स्वतः न पिणाऱ्याकडून मी माल घेत नाही, दोनदा फसलेय.

आक्काताई : आणि तुम्ही काय म्हणालात?

जवाहर : मी म्हणालो, अवश्य.

आक्काताई : अवश्य!

जवाहर : अनोळखी बाईशी फोनवर एवढं लांबण कोण लावणार? समडोळीपासून सांगावं लागलं असतं.

आक्काताई : नाहीतरी सांगावंच लागणार आहे आता.

जवाहर : आणखी एक झालंय.

आक्काताई : काय?

जवाहर : नमुन्याबरोबर चवीचं वर्णन लिहून पाठवा म्हणाल्या होत्या. मी पाठवलं.

आक्काताई : कसल्या चवीचं? तुमच्या तोंडात कॉफीचा थेंब गेला नाही कधी!

जवाहर : पुस्तकातून घेतलं. इथल्यासारखी उंची आणि माती असलेल्या बागांची वर्णनं होती, त्यातलं. जर्दाळू, संत्र्याची साल, शेवटी किंचित चॉकलेट. त्यांना फार आवडलं. म्हणाल्या, काका, तुमची जीभ फार तयार आहे.

दगडाबाई : जर्दाळू बिर्दाळू काय न्हाई त्यात.

आक्काताई : तुला गं काय माहीत?

दगडाबाई : आसंच म्हनलं, आक्का.

आक्काताई : दगडाबाई?

दगडाबाई : आता हिवाळ्यात हितं थंडी किती पडती, आक्का, तुमीच सांगा. तुमी दारं लावून बसता. मी तिकडं वर शेळ्यांपाशी. फुटकं-तुटकं दानं अण्णा फेकून द्याचं. म्या म्हनलं, एवढं राबून फेकायचं कशाला? तव्यावर भाजलं, पाट्यावर वाटलं, गूळ घालून शेळीच्या दुधात उकाळलं. रोज पिती मी. पैल्या पिकापास्नं.

जवाहर : पहिल्या पिकापासून! दगडाबाई, मग सांगितलं का नाहीस? कशी लागते?

दगडाबाई : बरी लागती की. गूळ घातल्याव काय बी बरंच लागतंय.

आक्काताई : बघा. सहा वर्षांत या बागेची चव एकीलाच कळली आणि तिला गूळ कळला.

जवाहर : आक्काताई, चेष्टा नको. आज त्या नाही म्हणाल्या तर संपलं. मी भरतेशला शब्द दिलाय. यंदाची कॉफी कुणी घेतली नाही तर झाडं काढू, आणि त्या दिग्विजयला जागा भाड्यानं देऊ, पर्यटकांचे तंबू टाकायला.

आक्काताई : ठाऊक आहे मला. भाड्याचा कागद माझ्याच उशाखाली आहे. भरतेश सांगलीच्या विश्रामबागेतून रोज फोन करतो, आई, सही कर, आई, सही कर.

जवाहर : तुलाही तेच हवंय.

आक्काताई : होय. खोटं कशाला बोलू? सहा हिवाळे मी इथं गुडघे धरून बसतेय. तिकडं नातवंडं मोठी व्हायलीत. तुम्ही पहाटे उठून झाडांशी बोलता. माझ्याशी इतकं कधी बोलला नाहीत.

जवाहर : झाडं मधे बोलत नाहीत.

दगडाबाई : हॅ हॅ हॅ!

आक्काताई : तू हसू नकोस. मग काय, थुंकणार ना चारला? चालतं असं मी धरते. नियम पोटाचा, जिभेचा नाही. जावा, आंघोळ करून घ्या.

जवाहर : नाही.

आक्काताई : आता काय झालं?

जवाहर : नाही जमणार. मी कॉफी का सोडली, तुला कधी सांगितलं नाही. त्या दिवशी रांगेत माझ्यापुढं तुझे वडील होते. त्यांनी तंबाखू सोडली. त्यांच्यापुढच्या माणसानं गूळ सोडला. माझी पाळी आली आणि मला काही सुचेना. चहा सोडवेना, आंबा तर नाहीच. आमच्या घरात कॉफी कधी आलेलीच नव्हती. मी ती सोडून टाकली.

आक्काताई : हं.

जवाहर : लगेच मागून तुझा आवाज आला, चहा. तू चहाशिवाय राहायची नाहीस, हे मला लग्नानंतर महिन्यातच कळलं होतं. मला वाटलं, परत वळावं आणि महाराजांना सांगावं की माझं चुकलं. पण ते पुढच्या माणसाकडं वळले होते. मला लाज वाटली.

आक्काताई : मला माहीत आहे ते.

जवाहर : कधीपासून?

आक्काताई : तिथंच कळलं. बैलगाडीत बसताना बाबा म्हणाले, जावई हुशार आहे, घरात नसलेल्या वस्तू सोडतो.

जवाहर : मामा असं म्हणाले? आणि पुढं पंचवीस वर्षं माझ्याशी एवढे चांगले वागले?

आक्काताई : आम्ही दोघं हसलो होतो खूप. सोडा ते.

जवाहर : सोडता येत नाही. एक पळवाट काढली तेव्हा. आता त्याच नियमात दुसरी पळवाट, थुंकण्याची? नको. प्रांजलताई आल्या की मी खरं सांगेन. जर्दाळूचंही सांगेन. मग बाग राहू दे नाहीतर जाऊ दे.

आक्काताई : बाग जाईल ओ.

जवाहर : जाईल.

दगडाबाई : म्या एक इचारू का? त्या बाईनं काय म्हनलं म्हनला तुमी? ज्याची बाग त्यानं प्यायाची?

जवाहर : हो.

दगडाबाई : मंग बाग कुनाची हाय? परवा तलाठी आल्ता, पिकाची नोंद कराया. त्यानं उताऱ्यावरलं नाव मोठ्यांदा वाचलं. आक्काचं नाव हुतं. अण्णांचं न्हाईच त्यात.

जवाहर : अरे.

आक्काताई : अगं, तो तुकडा माझ्या बाबांचा. त्यांनी माझ्या नावावर केला, म्हणून...

दगडाबाई : म्हंजी मालकीन तुमी. आन् तुमी सोडलाय च्या. कॉफी सोडल्याली न्हाई.

आक्काताई : तुझं आपलं काहीतरीच.

जवाहर : आक्काताई?

आक्काताई : माझ्याकडं असं बघू नका. मी काय कॉफीतलं जाणते?

जवाहर : मीही नाही जाणत. मी फक्त वाचलंय.

आक्काताई : पाणी मी गाळून देणार, तेच वापरायचं. सूर्य मावळायच्या आत सगळं आटपायचं. आणि मी खोटं बोलणार नाही, आत्ताच सांगते. कडू लागली तर कडू म्हणेन. तुमचा चेहरा बघून चव बदलणार नाही माझी.

जवाहर : नको बदलूस.

दगडाबाई : आन् भुरका?

आक्काताई : भुरका मारणार नाही.

जवाहर : आवाजानं हवा आत जाते गं, त्यानं चव...

आक्काताई : मारणार नाही म्हणते ना!

दगडाबाई : आक्का, गाडी! खालच्या वळनाला पांढरी गाडी दिसाय लागली!

(दोन तासांनंतर. पांढरी गाडी उतारावरून दिसेनाशी झाली आहे. ओट्यावर बारा कप आणि एक कोरडी बादली.)

दगडाबाई : बादली तशीच ऱ्हायली की, आक्का. एक थेंब न्हाई.

आक्काताई : राहणारच! पाणी गाळायचं, उकळायचं, सहा वर्षं राबून पिकवलेलं त्यात घालायचं, आणि मग थुंकायचं? माझ्यानं होणार नाही. प्रांजल थुंकायला निघाली, तर मी बघितलं नुसतं तिच्याकडं. गिळली गपकन तिनंही. गुणी आहे पोरगी. लग्न झालंय का विचारायचं राहिलं. दगडाबाई, ते कप आण इकडं, मीच घासते. आणि हा ओटा कुणी झाडला होता? परत झाडायला पाहिजे. पडवीतली जळमटं पण काढून टाकू.

जवाहर : तू जरा बस.

आक्काताई : बसवत नाही ओ! हात कसे शिवशिवाय लागलेत. बारा कपांतले दोन-दोन चमचे, किती झाले?

जवाहर : चोवीस. शिवाय पहिल्या पोत्यातला एक कप तू अख्खा संपवलास.

दगडाबाई : आन् भुरकं बी मारलं. म्या मोजलं.

आक्काताई : दोनच. कळत नव्हतं म्हणून. आवाजानं कळलं खरं.

जवाहर : ते बेदाण्याचं तुला कसं सुचलं?

आक्काताई : सुचलं कसलं? ती म्हणाली, काकू, डोळे मिटा आणि काय आठवतं ते सांगा. मी डोळे मिटले, तर बाबांचं सांगलीचं गोदाम. तासगावचा बेदाणा यायचा. पेटी फोडली की पहिला वास यायचा ना, गोड, थोडा आंबूस, नाकात बसणारा, अगदी तोच. मी लहानपणी त्या पेट्यांवरच अभ्यास करायची. वासावरून सांगायची बाबांना, हा सावलीत वाळलाय, ह्याच्यावर पाऊस पडलाय. ते आधी मला हुंगायला द्यायचे आणि मगच भाव बोलायचे.

जवाहर : हे तू कधी सांगितलं नाहीस.

आक्काताई : तुम्ही कधी विचारलंत?

जवाहर : आणि तिसऱ्या पोत्याचं... ते बोलायलाच हवं होतं का? प्रांजलताई वहीत काहीतरी चांगलं लिहीत होत्या. तेवढ्यात तू म्हणालीस, हे पोतं घेऊ नका, ह्याच्यात ओल मुरलीय.

आक्काताई : मुरली होती. ओल्या पोत्याचा वास मला झोपेतही कळेल.

दगडाबाई : खरं हाय ते. त्या दिशी दानं गच्चीवर पसरल्यालं. सांजचं गोळा कराचं हुतं. अण्णा फुस्तक वाचीत बसलं, दव पडलं सगळं त्याच्यावर. सकाळी मला म्हनलं, आक्काला सांगू नको.

आक्काताई : होय का?

जवाहर : वाळवण्याच्या पद्धतींवरचंच पुस्तक होतं ते.

आक्काताई : तुमच्या जर्दाळूचंही मी सांगून टाकलं, बरं का. तुम्ही आत उतारा आणायला गेला होता तेव्हा. ती म्हणाली, मग काकांना चव कळली कशी? मी म्हणाले, त्यांना सगळं वाचून कळतं.

जवाहर : त्या काय म्हणाल्या?

आक्काताई : हसली. म्हणाली, ते ओलं सोडून बाकीची तीन पोती माझी. आणि पुढच्या वर्षी वर्णन तुम्ही लिहून पाठवा, काकू.

जवाहर : पुढच्या वर्षी.

आक्काताई : हां, तसं ती म्हणाली.

जवाहर : आणि तू काय म्हणालीस?

आक्काताई : म्हणाले, बघू. मग तुम्ही आलात उतारा घेऊन. तो फोन द्या इकडं. भरतेशला सांगते, दिग्विजयला म्हणावं तंबू दुसरीकडं ठोक. सही मिळणार नाही.

जवाहर : आणि तुझे गुडघे?

आक्काताई : आत्ता काही कळेना झालेत गुडघे. उद्या बघू. डिसेंबरात मात्र महिनाभर सांगलीला राहायचं, नातवंडांपाशी. दाणे वाळवायला दगडाबाई आहे. तुम्ही आणि पुस्तक दोघं माझ्याबरोबर यायचं.

दगडाबाई : लय झ्याक. दवाची काळजी मिटली.

आक्काताई : दिवस मावळायला आला. चला, जेवून घ्या. तुम्ही काय हुंगत बसलाय त्या कपात?

जवाहर : वासाला बंदी नाही ना?

आक्काताई : वास कुठं सोडलाय? घ्या.

जवाहर : आक्काताई, खरं सांगू? आज पहिल्यांदा प्यावीशी वाटली. तू डोळे मिटून बसली होतीस ना, तेव्हा.

आक्काताई : मग जाऊ की महाराजांकडं. खरं सांगा आणि मोकळे होऊन घ्या. समजून घेतील.

जवाहर : नको. एक्केचाळीस वर्षं नियम फुकटचाच होता. आत्ता कुठं तो लागायला लागलाय. चालू दे थोडे दिवस.

आक्काताई : तुमची मर्जी.

जवाहर : तू मात्र पीत जा रोज सकाळी. मी करून देत जाईन.

दगडाबाई : अण्णा करनार? चुलीपाशी?

आक्काताई : शिकवीन मी. पहिल्या पोत्यातली करायची. दूध कमी.

जवाहर : साखर किती घालायची?

आक्काताई : अर्धा चमचा.

जवाहर : पण ती बरोबर पडलीय का, हे चव न घेता मला कळणार कसं?

आक्काताई : मला कसं कळलं इतकी वर्षं, तुमच्या चहाचं?

जवाहर : तुझी कधी चुकली नाही.

आक्काताई : दोनदा जास्त पडली होती. तुम्ही काही बोलला नाहीत.

जवाहर : मग तुला कसं कळलं?

आक्काताई : दुसरा घोट घेताना तोंडाकडं बघत राहायचं.